झाडं तोडल्यावर माती कमी श्वास सोडते, तरी तोट्यात जाते

१९९९ साली उत्तर स्वीडनमधल्या ओहेडेन इथल्या पाइनच्या जंगलात पीटर ह्योगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. झाडांच्या बुंध्यांची साल गोल पट्टीसारखी सोलून काढली. बस, एवढंच. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे काम नवीन नाही, ते त्याला गर्डलिंग म्हणतात. पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली मुळांकडे उतरते. सालीची पट्टी काढली की ती वाट बंद होते आणि साखर वर, घडांकडे राहते. बागायतदार जखम बारीक ठेवतो, ती भरून येते. स्वीडनमधली जखम भरून यावी म्हणून केलेली नव्हती.

या प्रयोगाची गंमत अशी की जंगलात वरकरणी काहीच बदललं नव्हतं. झाडं उभी, सुया हिरव्या, सावली तशीच. पाणीही वर चढत होतं, कारण पाणी लाकडातून चढतं, सालीतून नाही. तुटली होती ती फक्त मुळांची रसद. मग मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. पाच दिवसांतच ३७ टक्क्यांपर्यंतची घट दिसली आणि एक-दोन महिन्यांत ती सुमारे ५४ टक्क्यांवर गेली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. जंगलातली माती सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असते, त्याला मातीचा श्वास म्हणतात. आपली समजूत अशी की हा श्वास म्हणजे जुना पालापाचोळा कुजताना निघणारा वायू. स्वीडनच्या त्या पाइनखाली मात्र निम्मा श्वास ताज्या साखरेचा होता. काही दिवसांपूर्वी पानांनी बनवलेली साखर मुळांनी आणि मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशांनी खाल्ली आणि लगेच हवेत सोडली. हातात आलेला पगार त्याच आठवड्यात खर्च व्हावा, तसं.

उत्तरेकडच्या जंगलांच्या तोडीबद्दल वाचताना हा प्रयोग मला वारंवार आठवतो. ‘जंगल तोडलं की मातीतला कार्बन बाहेर पडतो’ हे वाक्य आपण सहज बोलतो, आणि डोळ्यांपुढे चित्र येतं ते डब्याचं झाकण उघडल्याचं. प्रत्यक्षात झाडं तोडल्यावर मातीचा श्वास बऱ्याचदा घटतो किंवा जेमतेम तेवढाच राहतो. तरीही माती तोट्यात जाते. कोडं तिथे आहे.

ठेव किती, आणि ती ठेवतं कोण

कोकणात फणसाखाली पडलेला पाला एका पावसाळ्यात काळा पडून मातीला मिळतो. स्वीडन, फिनलंड, कॅनडा, सायबेरियाच्या स्प्रूस-पाइनखाली तसं होत नाही. तिथे थंडी, आम्लता आणि चिवट सुया यांमुळे पाला वर्षानुवर्षं अर्धवट कुजलेल्या अवस्थेत साचत जातो. अशा जंगलात चालताना पाय गादीवर पडल्यासारखा दबतो. उष्ण कटिबंधातल्या वर्षावनांत कार्बनचा मोठा साठा खोडा-फांद्यांत असतो. उत्तरेकडे बहुतेक साठा पायाखाली असतो.

सगळ्या जगाचा विचार केला तर जमिनीच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे त्याहून हा बराच जास्त. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, तर मातीचा वर्षाचा श्वास त्याच्या आठ-दहा पट आहे. फरक असा की मातीकडे जवळपास तेवढीच आवकही असते. आवक आणि जावक जुळतात म्हणून आपल्याला हा प्रचंड व्यवहार जाणवत नाही.

आवक कुठून येते? वरून पडणाऱ्या पानांतून, असं उत्तर शाळेपासून आपल्या तोंडी बसलं आहे. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञ कारीना क्लेमेन्सन आणि सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनच्या होर्नावान आणि उद्याउरे या तलावांतल्या बेटांवर तपासणी केली. मोठ्या बेटांवर वीज पडून वणवे लागण्याची शक्यता जास्त, लहान बेटं हजारो वर्षं न जळता राहू शकतात. त्यामुळे वेगवेगळ्या वयाची जंगलं एकाच परिसरात शेजारी शेजारी सापडतात. तिथे साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के मुळांतून आणि मुळांवरच्या बुरशांतून आलेला निघाला. म्हणजे मातीच्या खात्यात भरणा होतो तो मुख्यतः खालून, त्याच सालीतल्या वाटेनं.

तोडीनंतरचा हिशेब

आता सगळी झाडं एका दमात तोडली, असं समजा. उत्तरेकडे हीच पद्धत सर्रास आहे. ओंडके गाडीवर चढतात, फांद्या आणि शेंडे बऱ्याचदा मागे पडून राहतात, बुंधे आणि मुळं जमिनीत.

पहिला बदल म्हणजे पगारातून होणारा खर्च बंद. जिवंत मुळांचा श्वास थांबतो, म्हणून मोजणीचं यंत्र कमी आकडा दाखवतं. हा आकडा पाहून ‘वा, माती सुधारली’ म्हणणं म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाचा हॉटेलचा खर्च कमी झाला म्हणून त्याचं अभिनंदन करणं. पगारही बंद झालेला असतो. उलट जुन्या ठेवीवर जगणारे सूक्ष्मजीव आपलं काम करतच राहतात आणि त्यात भर म्हणून मेलेल्या मुळांचा, फांद्यांचा एक मोठा ढीग त्यांच्या पुढ्यात पडतो. भरणा शून्य, उचल चालू. पुढची दहा-वीस वर्षं, नवी झाडं पुरेशी वाढेपर्यंत, असा तोडलेला तुकडा सहसा जितका कार्बन घेतो त्यापेक्षा जास्त सोडतो.

दुसरा बदल ऊन आणि पाण्याचा. सावली गेल्यामुळे उन्हाळ्यात माती जास्त तापते, म्हणजे कुजण्याला वेग. पण झाडं पाणीही उपसत होती. ती गेल्यावर भूजल वर येतं, माती ओली राहते. बेताची ओल कुजण्याला मदत करते. जास्त झाली की हवा आत जात नाही आणि कुजणं मंदावतं. एकाच तुकड्यात उंचवट्यावर एक आणि खोलगट भागात दुसरं, असंही होतं.

तिसरा बदल बुरशांचा, आणि इथे एक ओळखीचं आडनाव भेटतं. १९७१ मध्ये न्यूझीलंडमधून रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. (पश्चिम घाटाच्या अहवालाचे माधव गाडगीळ ते हे नव्हेत.) पाइनच्या लागवडीत त्यांनी काही ठिकाणी जिवंत मुळं येऊ दिली नाहीत. जिथे मुळं आणि त्यांच्या सोबतच्या बुरशा नव्हत्या, तिथला पाला लवकर कुजला. झाडाशी भागीदारी करणाऱ्या बुरशा मातीतलं नायट्रोजनसारखं अन्न स्वतः ओढून घेतात, त्यामुळे पाला कुजवणाऱ्या दुसऱ्या जिवांची उपासमार होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मृदाशास्त्रात याला आजही ‘गाडगीळ इफेक्ट’ म्हणतात. तोडीला हा नियम लावला तर झाडं गेली, भागीदार बुरशा मेल्या, कुजवणाऱ्यांना रान मोकळं.

पण उत्तरेकडच्या जंगलांत काही भागीदार बुरशा स्वतःच जुनी, चिवट गादी फोडून त्यातला नायट्रोजन झाडाला पुरवतात. झाडाबरोबर त्या गेल्या तर सर्वांत जुना साठा फोडणाराच जातो. मग कुजणं मंदावायला हवं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि कोणती वरचढ ठरेल हे जागेवर अवलंबून आहे. मला विचाराल तर ‘तोडीमुळे कुजण्याचा वेग वाढतो’ असं सरसकट लिहिणाऱ्या लेखावर थोडा संशय घ्यावा. तोट्याचं भक्कम कारण भरणा थांबणं हे आहे. वेग वाढणं हे जागेनुसार.

एका वक्ररेषेची गोष्ट

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च ही तिथली झाडं. १९८१ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. कॉव्हिंग्टन यांनी तिथल्या वेगवेगळ्या काळी तोडलेल्या जंगलांतली वरची कुजकी गादी मोजली. एखादं जंगल तोडून त्याच्यावर पन्नास वर्षं पाळत ठेवणं शक्य नसतं, म्हणून शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वयाची जंगलं एका रांगेत मांडतात आणि एकाच जंगलाचं आयुष्य पाहत असल्यासारखं वाचतात. नातवाचा, मुलाचा आणि आजोबांचा फोटो शेजारी ठेवून एकाच माणसाचं वय वाढताना पाहावं, तसं. त्यातून निघालेली रेषा सांगत होती की तोडीनंतरच्या पहिल्या वीस वर्षांत गादीतला निम्मा सेंद्रिय भाग निघून जातो आणि मग हळूहळू भरून येतो. आकडा ठसठशीत, रेषा सुबक. पुढची कित्येक वर्षं ती संदर्भ म्हणून वापरली गेली.

मग रूथ यानाई आणि सहकाऱ्यांनी त्याच डोंगरांत, आधी मोजलेल्या जंगलांत सुमारे १५ वर्षांनी जाऊन पुन्हा मोजमाप केलं. रेषा खरी असेल तर मधल्या काळात तरुण जंगलांची गादी रेषेप्रमाणे घटलेली दिसायला हवी होती. ती तशी दिसली नाही. घोटाळा फोटोंच्या रांगेत होता. ज्या जंगलांना आपण ‘आजोबा’ समजत होतो ती वेगळ्या जमान्यात, हलक्या हातानं तोडलेली होती. अलीकडची तोड जड यंत्रांची. यंत्रं गादीचा काही भाग खालच्या खनिज मातीत मिसळून टाकतात. गादी पातळ दिसते, पण त्यातला काही कार्बन हवेत न जाता फक्त खाली गाडला गेलेला असतो.

विज्ञानात चूक निघाली म्हणून इथे कुणी तोंड लपवलं नाही. २०१० मध्ये ल्यूक नेव्ह आणि सहकाऱ्यांनी समशीतोष्ण जंगलांतली ४३२ निरीक्षणं एकत्र केली. तोडीनंतर मातीतला कार्बन सरासरी ८ टक्क्यांनी घटलेला निघाला. वरच्या गादीत मात्र घट सरासरी ३० टक्के, त्यातही रुंदपर्णी झाडांखाली ३६ आणि सूचिपर्णी किंवा मिश्र जंगलात २०. खालच्या खनिज मातीत ठळक बदल नाही.

‘खाली बदल नाही’ हे वाक्य ऐकून निश्चिंत व्हावं, तर त्याच न्यू हॅम्पशायरमधलं हबर्ड ब्रूक आठवतं. जंगल आणि पाणी यांच्या अभ्यासाची ही जगप्रसिद्ध जागा. १९८३-८४ मध्ये तिथल्या एका पाणलोट क्षेत्रातली झाडं फांद्या-शेंड्यांसकट काढून नेली. पोकळ नळी मातीत ठोकून नमुना काढण्याऐवजी तिथे मोठे खड्डे खणून, माती चाळून, वजन करून हिशेब ठेवला गेला. १५ वर्षांनी दिसलं ते असं: नव्यानं वाढलेल्या झाडांनी जेवढा कार्बन जमवला होता, त्याचा मोठा भाग खालच्या खनिज मातीतल्या तोट्यानं खाऊन टाकला होता. दगडधोंड्यांच्या मातीत दोन हातांवर कार्बन बदलतो. अशा ठिकाणी आठ-दहा टक्क्यांची घट पकडायची तर खड्डाच हवा. ‘बदल आढळला नाही’ आणि ‘बदल झाला नाही’ यांत एका फावड्याचं अंतर असू शकतं.

गोधडी

आता ऋतूंकडे वळू. जानेवारीत पुण्या-नाशकात इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं तरी फुगत नाही. मग आपण डबा गोधडीत गुंडाळतो. पिठातले जंतू तेच, डाळ-तांदूळ तेच. ऊब मिळाली की सकाळी पीठ वर येतं. मातीतलं कुजणंही ढोबळमानानं असंच चालतं. तापमान १० अंशांनी वाढलं की मातीचा श्वास साधारण दुप्पट होतो, थंड मातीत तर बऱ्याचदा दुपटीहून जास्त.

उत्तरेकडच्या जंगलाला गोधडी घालतो तो बर्फ. बाहेर हवा उणे २० अंश असताना तीस-चाळीस सेंटीमीटर भुसभुशीत बर्फाखाली माती शून्याच्या आसपास असू शकते. शून्याखालीही मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा द्रवच राहतो आणि त्यात सूक्ष्मजीव हळूहळू काम करत राहतात. हिवाळ्यात जंगल झोपलेलं असतं ही समजूत झाडांपुरती ठीक आहे. मातीच्या वर्षभराच्या श्वासातला दहा ते वीस टक्के हिस्सा बर्फाखालचा असू शकतो, आणि त्या काळात आवक शून्य असते.

म्हणून हवामान तापतंय म्हणजे हिवाळ्यातला मातीचा श्वास वाढेल, असं थेट गणित मांडता येत नाही. बर्फ कमी पडला तर गोधडीच पातळ होते आणि उबदार हिवाळ्यात माती उलट जास्त गारठते. अमेरिकेत कोलोराडोमधल्या नायवॉट रिजवर बर्फ कमी पडलेल्या वर्षांत मातीचा हिवाळी श्वास घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. हबर्ड ब्रूकमध्ये पीटर ग्रॉफमन आणि सहकाऱ्यांनी तर मुद्दाम फावड्यानं बर्फ बाजूला करून पाहिलं: माती गोठली, बारीक मुळं मेली आणि नायट्रेट वाहून जाऊ लागलं.

शरद ऋतू मला सर्वांत लबाड वाटतो. वसंतात ऊब लवकर आली तर झाडं लवकर कामाला लागतात, आवक वाढते. शरदात ऊब रेंगाळली तर फायदा का होत नाही? कारण झाडाला उजेड लागतो आणि उत्तरेकडे ऑक्टोबरचा दिवस आखूड असतो, हवा कितीही मऊ असली तरी. सूक्ष्मजीवांना उजेड नको, ऊब पुरे. शिवाय माती हवेपेक्षा उशिरा गार होते. आवक बंद आणि उचल चालू, अशी ही छोटी वार्षिक तोडच. शिलॉन्ग पियाव आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की उबदार शरदामुळे उत्तरेकडच्या परिसंस्थांतून निघणारा कार्बन हा उबदार वसंतात जादा शोषलेल्या कार्बनपैकी जवळपास ९० टक्के भाग निष्फळ करतो.

गोठलेली जमीन आणि लाकूडतोड्याचं कॅलेंडर

तोड आणि ऋतू यांची गाठ पडते ती लाकूडतोडीच्या वेळापत्रकात. कॅनडात आणि फिनलंडमध्ये मऊ, दलदलीच्या जमिनीवरची तोड हिवाळ्यात करायचा प्रघात आहे. जमीन गोठली की वीस-तीस टनांचं यंत्रही तिच्यावरून जाऊ शकतं. तेच यंत्र ओल्या शरदात घातलं तर चाकोऱ्या पडतात, माती दबते, त्यात पाणी साचतं. कोरडी जंगलमाती हवेतला मिथेन शोषून घेते; पाणी साचलेली चाकोरी तोच मिथेन सोडू लागते. हिवाळे आखूड होत चालले तसं या कामाचं कॅलेंडर आकसत चाललं आहे.

फिनलंडचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. तिथली सुमारे एक तृतीयांश जमीन पीटची, म्हणजे पाण्याखाली न कुजता साचलेल्या वनस्पतींची. विसाव्या शतकात, विशेषतः १९६० आणि ७० च्या दशकांत, चर खणून या जमिनीतला जवळपास निम्मा भाग जंगलासाठी कोरडा करण्यात आला. पाणी उतरलं, झाडं जोमानं आली, आणि हजारो वर्षं बुडून राहिलेलं पीट पहिल्यांदा हवेला लागलं. ही झाडं आता तोडीच्या वयाची झाली आहेत. २०२१ सालचा राष्ट्रीय हिशेब मांडला तेव्हा फिनलंडचं जमीन-वापर क्षेत्र (म्हणजे जंगल, शेतजमीन, पीट यांचा एकत्र हिशेब) प्रथमच कार्बन शोषणारं न राहता सोडणारं ठरलं. वाढलेली तोड, झाडांची मंदावलेली वाढ आणि पीटमधलं उत्सर्जन ही त्यामागची कारणं. जंगलांचा देश म्हणून मिरवणाऱ्यांना तो आकडा चांगलाच झोंबला.

दक्षिण फिनलंडमध्ये लेत्तोसुओ नावाचं असंच एक पीटवरचं जंगल आहे. २०१६ च्या सुरुवातीला त्याचा एक भाग सरसकट तोडला. तिथून पहिल्या वर्षी हेक्टरी सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, दुसऱ्या वर्षी सुमारे २० टन. (हे वायूचं वजन. शुद्ध कार्बन मोजायचा तर ३.६७ नं भागायचं. दोन लेखांतले आकडे जुळत नाहीत, तेव्हा निम्म्या वेळा गोंधळ इथेच असतो.)

शेजारच्याच दुसऱ्या भागात फक्त वरची मोठी पाइनची झाडं काढली, खालची स्प्रूस आणि बर्च राहू दिली. लाकूड तिथूनही भरपूर निघालं. पण भूजलाची पातळी फारशी हलली नाही, कारण उरलेली झाडं पाणी उपसत राहिली, आणि उत्सर्जन सरसकट तोडलेल्या भागाच्या मानानं अगदीच थोडं निघालं. मोठी झाडं गेल्यावर उजेड खालच्या स्प्रूसपर्यंत पोचला, त्यांच्या सुयांत साखर होत राहिली आणि सालीतून खाली मुळांकडे उतरत राहिली.